धर्मशिक्षणाच्या वर्गात संतांची गोष्ट कुठल्या भाषेत सांगायची?

बावखल
नमस्कार मंडळी. मी वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेली सहा वर्षं चौथीच्या मुलांना धर्मशिक्षण देते. रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की शाळेच्या वर्गात पाऊण तास बसतो आम्ही. यंदा बावीस मुलं आहेत.

गेल्या रविवारी संत गोन्सालो गार्सियाचा धडा होता. आपल्या वसईत जन्मलेला, भारतात जन्मलेला पहिला संत, म्हणून हा धडा मी दरवर्षी तब्येतीत घेते. एका मुलीला वाचायला उभं केलं. 'गोन्सालो गार्सिया हे रक्तसाक्षी संत होते' इथपर्यंत ती अक्षर अक्षर लावत आली आणि थांबली. "टीचर, रक्तसाक्षी मीन्स?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून एकाने उत्तर दिलं, "ॲक्सिडेंटमध्ये ज्याने ब्लड बघितलं ना, तो." कुणीही हसलं नाही. रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारा, पण सगळ्यांना ते उत्तर बरोबर वाटलं होतं.

घरी येईपर्यंत तेच मनात घोळत होतं. बावीसपैकी चारच मुलांना मराठी परिच्छेद सलग वाचता येतो. घरी आजीशी कादोडी नाहीतर वाडवळी बोली, शाळेत इंग्रजी आणि आमचं पुस्तक प्रमाण मराठीत. काही पालकांनी आता सांगितलंय की पुढच्या वर्षापासून वर्ग इंग्रजीतच घ्या. मला ते पटत नाही. उद्या ही मुलं आजीच्या शेजारी बसून जपमाळ म्हणू शकणार नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पण मुलांना कळतच नसेल तर मी तिथे उभी राहून नक्की काय शिकवतेय, हा प्रश्नही खोटा नाही.

तुमच्याकडे काय करतात? आणि संतांच्या गोष्टी सांगताना भर कशावर देता?

केळीचं_पान
बावखलताई, मी त्या पालकांपैकीच एक समजा. आमचा धर्मग्राम वेगळा, पण मागणी हीच आणि मी सही केली आहे. माझ्या मुलाला 'हे आमच्या स्वर्गातील बापा' घडाघडा म्हणता येतं. एकदा त्याला विचारलं, "आम्हास मोहात आणू नको म्हणजे काय रे?" त्याला सांगता आलं नाही. इंग्रजीत विचारल्यावर स्वतःच्या शब्दांत नीट सांगितलं. मला तरी समजून केलेली प्रार्थना हवी. मराठीवर माझंही प्रेम आहे, पण वर्ग धर्माचा आहे, भाषेचा नाही.

शेवंती
वाचतेय. आमच्याकडे विरारलाही हाच वाद चालू आहे. 'रक्तसाक्षी' शब्दाचं मुलाने दिलेलं उत्तर वाचून पोटात कालवलं.

साष्टीकर
गोव्यातून देव बरें करूं!
आमच्याकडे याला दोतोर्न म्हणतात. माझं सगळं कोंकणीत झालं, रोमी लिपीतल्या पुस्तकातून. संध्याकाळी घरी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची, मग लहानांनी थोरांपुढे जाऊन बेसांव म्हणजे आशीर्वाद मागायचा. माझा अर्धा धर्म त्या बेसांवात शिकून झाला. आजीचा हात डोक्यावर यायचा, त्याला मसाला वाटल्याचा वास असायचा. तो हात कुठल्या माध्यमाचा होता?

आता मुद्द्याचं. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यातून फिरायचे आणि पोरांना गोळा करून दोतोर्न शिकवायचे. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या लोकांत गेले. तमिळ येत नव्हतं. तर दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसं जमवली, प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि स्वतः पाठ केल्या. त्यांच्या १५४४ च्या पत्रात हे सगळं आहे. दिवसातून दोनदा पोरांना जमवायचे आणि सांगायचे, आता घरी जाऊन आईबापांना, शेजाऱ्यांना शिकवा. एवढा मोठा संत मुलांच्या भाषेत जायला तयार झाला. मुलांनी पाद्रीच्या भाषेत यावं अशी अट नव्हती.

केळीचं_पान
साष्टीकर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. आज मुलांची भाषा इंग्रजी झाली आहे, मग शिक्षकाने तिकडे जायला नको?

साष्टीकर
शाळेची भाषा इंग्रजी झाली आहे. आजीशी ते काय बोलतात ते ताईंनीच लिहिलंय वर.

नगरची_लेक
मी प्रोटेस्टंट घरातली, अहिल्यानगरची. आमच्याकडे संडे स्कूल. संतांकडे प्रार्थना करणं आमच्यात नाही, त्यामुळे त्या भागाबद्दल बोलत नाही. पण भाषेबद्दल बोलायलाच हवं. आमच्या लहानपणी दर रविवारी एक सुवर्णवचन पाठ करून जायचं आणि मग टिळकांची भजनं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आमच्या उपासनेला अभंग, ओवी, टाळ दिले. त्याआधी परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीतंच जास्त. माझे वडील म्हणायचे, टिळकांमुळे आपल्याला देवाशी घरातल्या आवाजात बोलता आलं.
ताई, मुलांना वाचायला लावू नका. गायला लावा. गाताना अडलेला शब्द पुढच्या ओळीबरोबर आपोआप वाहून जातो, आणि वर्षभराने त्याचा अर्थ उमगतो.

चिंतामणी
मी ख्रिस्ती नाही. एक प्रश्न, राग मानू नये. आमच्याकडे तुकोबांना संत कुणी घोषित केलं नाही, लोकांनी म्हटलं आणि ते झाले. तुमच्याकडे संतपद 'जाहीर' होतं म्हणतात, ते कसं? आणि चमत्कार लागतो म्हणजे काय?

बावखल
चिंतामणीकाका, राग कसला. उलट बरं वाटलं विचारलंत.
आमच्यातही सुरुवातीच्या शतकांत लोकच म्हणायचे. लोक त्या माणसाच्या कबरीपाशी जमत, त्याच्या नावाने प्रार्थना करत. नंतर ख्रिस्तसभेने चौकशीची पद्धत घातली. आधी ईशसेवक, मग पूज्य, मग धन्यवादित आणि शेवटी संत. प्रत्येक टप्प्याला त्या व्यक्तीचं आयुष्य, लिखाण, साक्षी तपासतात. चमत्कार म्हणजे बहुतेक वेळा असा बरा झालेला आजार, ज्याचं वैद्यकीय कारण डॉक्टरांना देता येत नाही. रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला माणूस, याला धन्यवादित करायला चमत्कार लागत नाही. त्याचं मरण हीच साक्ष. आमच्या गोन्सालोला १६२७ मध्ये धन्यवादित केलं आणि संतपद मिळालं १८६२ मध्ये. मधे २३५ वर्षं गेली.

चिंतामणी
आभार. 'मरण हीच साक्ष' हे मुलांना असंच सांगा की. रक्तसाक्षी शब्द इतका समर्पक आहे हे मला आज कळलं. हुतात्मा म्हटलं की आहुती दिसते, इथे साक्ष दिसते. शब्द सोडू नका.

जुना_घंटानाद
माझं वय चौऱ्याहत्तर. थोडं लांबेल, चालवून घ्या.

मी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये होती. वेदीसेवक होतो. फादर म्हणायचे 'दोमिनुस वोबिस्कुम', मी म्हणायचो 'एत कुम स्पिरितू तुओ'. एका अक्षराचा अर्थ ठाऊक नव्हता. आमची आजी लाल लुगड्यात, अंगावर मोजके दागिने, मिस्साभर स्वतःची जपमाळ ओढत बसायची. वेदीवर काय चाललंय ते तिला कळत नसे आणि कळावं अशी अपेक्षाही नसे. मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते १९६५, आणि थोड्याच काळात आमच्याकडे मिस्सा मराठीत आली. पहिल्या मराठी मिस्सेहून परतताना आजी वाटेत, विहिरीपाशी थांबली. म्हणाली, "फादर इतकी वर्षं हे म्हणत होते?" बस्स, एवढंच. पण त्या दिवसापासून ती मिस्सेत जपमाळ बाहेर काढेना. ऐकायची.

म्हणून मी मराठीचा माणूस आहे. आम्हाला आमची भाषा देवळात मिळाली ती फार उशिरा, आणि दोन पिढ्यांत आपण ती परत द्यायला निघालोय. केळीचं पान यांचं दुःख मला कळतं. पण त्यांनी एक करून पाहावं. मुलाला 'मोह' म्हणजे काय ते रविवारच्या वर्गावर न सोडता घरी सांगावं. मोह हा शब्द कळायला पुस्तक लागत नाही, डब्यातला शेवटचा लाडू पुरतो.

केळीचं_पान
काका, लाडवाचं आजच करून बघतो. तुमच्या आजीची गोष्ट वाचून थांबलो थोडा वेळ.

ओवीप्रेमी
या धाग्यावर थॉमस स्टीफन्स यांचं नाव अजून कसं आलं नाही? हा इंग्रज जेझुइट (येशूसंघ या धर्मसंघातला) १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला, मधली चाळीस वर्षं बहुतेक दक्षिण गोव्यातल्या साष्टीत. १६१६ मध्ये रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीत, जवळजवळ ११,००० ओव्या. मराठी भाषेला फुलांतल्या मोगरीची आणि सुवासांतल्या कस्तुरीची उपमा त्याचीच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या पुराणाचा जन्म धर्मशिक्षणाच्या वर्गात झाला! ग्रंथाच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे. पाद्री दोत्रिना म्हणजे धर्मशिक्षण शिकवत असतात आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की ही दोत्रिना शिकवता ते उत्तम, पण आमची जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तो ग्रंथ. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीसुद्धा वर्गातल्या माणसाने हेच सांगितलं की नुसती प्रश्नोत्तरं पुरत नाहीत, आम्हाला आमच्या घाटणीची गोष्ट द्या. आणि शिक्षकाने ते ऐकलं.
अवांतर: देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन अक्षरांत छापलं. गोव्यात आणि मंगळुरी ख्रिस्ती घरांत लोक ते पिढ्यान्‌पिढ्या गात राहिले.

शेवंती
ओवीप्रेमी, हे रोमन अक्षरांचं वाचून एक सुचलं. मुलं मोबाईलवर मराठी रोमनमध्येच लिहितात. मग प्रार्थना आणि गोष्टी रोमन अक्षरांत छापून दिल्या तर? भाषा मराठीच राहील, वाचायची अडचण जाईल.

जुना_घंटानाद
नको गं बाई. लिपी गेली की पुढच्या पिढीला बायबलही उघडता येणार नाही.

साष्टीकर
काका, क्षमा करा, पण आम्ही रोमी लिपीत कोंकणी जिवंत ठेवली. मिस्सा, कांतारां, तियात्र, सगळं. लिपीपेक्षा जीभ महत्त्वाची असं माझं मत. शेवंतीबाईंना +१.

तळ्याकाठी
चांगली चर्चा चालली आहे, पण एक बाजू राहतेय. झेवियर, स्टीफन्स यांच्या भाषाप्रेमाबद्दल सगळे बोलताहेत. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते १८१२ पर्यंत होतं, आणि ते आणावं असं राजाला लिहिणाऱ्यांत खुद्द झेवियरही होते. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. स्थानिक भाषांतले ग्रंथ नष्ट केले गेले. हे मुलांना सांगणार का? माझे पूर्वज साष्टीतून देव घेऊन पळालेले. मी हे चिडून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

साष्टीकर
तळ्याकाठी, लिहिलंत ते बरं केलंत. तुमचे पूर्वज देव घेऊन पळाले, माझे मागे राहिले. एकाच गावचे असू कदाचित. १६८४ चा हुकूम आम्हाला शाळेत कुणी सांगितला नाही, मी तो तिशीत वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. माझी भाषा माझ्याच राज्यकर्त्यांनी मोडायला काढली होती. म्हणूनच मी दोतोर्न कोंकणीत व्हावी यासाठी भांडतो.
आणि त्याच काळातला दुसरा माणूस बघा, संत जोझे वाझ. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेला गोंयकार. डच राजवटीत श्रीलंकेतल्या कॅथलिकांना पाद्री उरला नव्हता, तिथे हा भिकाऱ्याच्या वेशात गेला. तमिळ शिकला, सिंहली शिकला आणि १७११ मध्ये कँडीत वारला. पाठीशी ना फौज होती ना हुकूम. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कोलंबोत त्याला संत जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरात सगळे टीव्हीपुढे गुडघ्यांवर होते.

तळ्याकाठी
जोझे वाझ यांच्याबद्दल माहीत नव्हतं. वाचेन. मनापासून आभार.

बावखल
तळ्याकाठी, तुमच्या प्रश्नाला टाळत नाही. चौथीच्या मुलांना नाही सांगणार, कारण त्यांना अजून गोव्याचा नकाशाही नीट माहीत नाही. पण दृढीकरण संस्काराच्या तयारीचे वर्ग असतात, तेव्हा मुलं चौदा-पंधराची असतात. तिथे सांगायलाच हवं, आणि आमच्यापैकी कुणीतरी सांगायला हवं. बाहेरून कळलं की मुलांना वाटतं आपल्यापासून लपवलं.

कोची_डायरी
नोकरीमुळे केरळात आहे, म्हणून इथला एक संत जोडतो. कुरियाकोस एलियास चावरा, १८०५ ते १८७१. मन्नानमला १८४६ मध्ये यांनी संस्कृत शाळा काढली. नंतर फर्मान असं की प्रत्येक चर्चला लागून पळ्ळीकूडम म्हणजे शाळा हवीच. गरीब घरची मुलं शाळेत टिकावीत म्हणून दुपारचं जेवण आणि कपडे. त्यासाठी घरोघरी मूठमूठ तांदूळ बाजूला ठेवायची पद्धत होती. २०१४ मध्ये संतपद मिळालं. पाद्रीने संस्कृत शाळा काढली हे इथे कुणाला नवल वाटत नाही, मला मात्र फार वाटलं.

शिट्टी
माझं शालेय शिक्षण मुंबईत सालेशियन, म्हणजे डॉन बॉस्कोच्या संघाच्या, फादरांकडे झालं, त्यामुळे डॉन बॉस्कोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
८ डिसेंबर १८४१, तुरीन. जॉन बॉस्को नवाच पाद्री झालेला, मिस्सेची तयारी करतोय. थंडीने काकडलेला एक गवंडीकामाचा पोरगा आत शिरतो. देऊळ सांभाळणारा माणूस त्याला म्हणतो, मिस्सेला सेवक म्हणून उभा राहा. येत नाही म्हटल्यावर त्याला झाडूने बडवून हाकलतो. बॉस्को पोराला परत बोलावतो. विचारतो, वाचता येतं? नाही. लिहिता येतं? नाही. आई? वारली. वडील? वारले. गाता येतं? नाही. शिट्टी वाजवता येते? आणि पोरगा हसतो.
मग त्याला क्रूसाची खूण शिकवतो, नमो मरिया शिकवतो. पुढच्या रविवारी पोरगा आणखी मुलं घेऊन येतो. बार्तोलोमेओ गारेल्ली त्याचं नाव. सगळं सालेशियन काम त्या हसण्यापासून सुरू झालं असं आमचे फादर सांगायचे, आणि सांगताना वर्गात खरोखर शिट्टी वाजवायचे. चौथीत ऐकलेली गोष्ट आहे ही, आज मी त्रेपन्न वर्षांचा.
ताई, तुमचा तो मागच्या बाकावरचा मुलगा, ॲक्सिडेंटवाला, त्याला पुढे बोलवा. त्याने उत्तर देण्याचं धाडस केलं. बाकीचे वीस गप्प होते.

शेवंती
शिट्टी, आयडीचं कोडं सुटलं. 🙂

निर्मळची_जत्रा
मी एकोणीसचा आहे आणि दहा वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसलोय, तेव्हा विद्यार्थ्यांकडून लिहितो. खरं सांगायचं तर बहुतेक विसरलो. हजेरीच्या कार्डावरचे शिक्के आठवतात. एकच रविवार पूर्ण आठवतो. आमच्या टीचरने वर्ग वसईच्या किल्ल्यात नेला होता. जेझुइटांच्या देवळाचा दर्शनी भाग अजून उभा आहे, मागे छप्पर नाही, आभाळ. टीचर गोन्सालोबद्दल म्हणाल्या, "इथे, या किल्ल्यात तो शिकला. तुमच्याएवढा होता." मग पुस्तक मिटून सांगितलं. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पंधराव्या वर्षाच्या आसपास जेझुइटांबरोबर जपानला गेला. भाषा इतकी शिकला की लोक त्याच्याकडे यायचे. आठ वर्षं जपानी लोकांना धर्मशिक्षण दिलं, पण जेझुइट संघात त्याला घेतलं नाही. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं तरी नाहीच. मग व्यापारी झाला, पैसा कमावला, आणि सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात गेला, तोही पाद्री म्हणून नाही, ब्रदर म्हणून.
'त्याला घेतलं नाही' हे वाक्य मला लागलं, कारण त्या वर्षी मला क्रिकेटच्या संघात घेतलं नव्हतं. हास्यास्पद वाटेल, पण तेव्हापासून तो माझा संत आहे. बारावीच्या परीक्षेआधी मी गास गावी त्याच्या नावाच्या चर्चमध्ये चालत गेलो होतो.

बावखल
हास्यास्पद अजिबात नाही रे. मी सहा वर्षं हा धडा शिकवतेय आणि 'त्याला घेतलं नाही' यावर कधी थांबलेच नाही. थेट क्रूसावर जायचे.
आणि तू म्हणालास ते बघ, गोन्सालो स्वतः धर्मशिक्षक होता. माझ्यासारखाच, परभाषेतल्या मुलांपुढे उभा.

कोबेकर
मी जपानात राहतो, मूळचा डहाणूचा, ख्रिस्ती नाही. दोन वर्षांपूर्वी नागासाकीला गेलो होतो. स्टेशनजवळच निशिझाका नावाची टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ ला तिथे २६ जणांना क्रूसावर चढवलं. १९६२ मध्ये उभारलेलं स्मारक आहे, एका लांब भिंतीवर ओळीने २६ ब्राँझच्या मूर्ती. सगळ्यांचे पाय खाली सुटलेले, जमिनीला न टेकलेले. संग्रहालयातल्या बाईंना विचारलं, यातला इंडियाचा कोण? त्यांनी बोट दाखवलं. परक्या देशात, पावसात, वसईच्या माणसापुढे मी उभा होतो. वसई ते डहाणू लोकल आठवली आणि गळा दाटला.

त्या ओळीत तीन मूर्ती इतरांपेक्षा लहान आहेत, ती मुलं. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. तेरा वर्षांचा अंतोनियो. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी, वडिलांबरोबर मारला गेला. त्याने वाटेत आईला लिहिलेलं पत्र वडिलांच्या अंगावर सापडलं. क्योतोला २४ जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला (दोघे वाटेत सामील झाले) आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं, जवळजवळ महिनाभर. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचा हुकूम होता. गोन्सालो याच हिदेयोशीपुढे फ्रान्सिस्कन वकिलातीचा दुभाषा म्हणून उभा राहिला होता.

आता भाषेच्या वादात एक भर घालतो, ती कुणाच्याच बाजूची नाही. १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली ती १८७३ पर्यंत. पाद्री नाहीत, पुस्तकं नाहीत. शेतकरी आणि कोळी घरांनी लपून प्रार्थना जपल्या, आईबापांकडून मुलांकडे, तोंडातोंडी. त्यांना ओराशो म्हणतात, लॅटिनच्या ओरात्सिओवरून. त्यात लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द झिजून झिजून असे झाले की म्हणणाऱ्यालाही अर्थ लागत नव्हता. तरी म्हणत राहिले. मार्च १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच पाद्रीला हळूच म्हणाले की आमचं आणि तुमचं अंतःकरण एकच आहे. सात पिढ्यांनंतर. न कळणाऱ्या शब्दांनी त्यांना तिथवर आणलं होतं.

जुना_घंटानाद
कोबेकर, हे मला माहीत नव्हतं. मी वर लॅटिनबद्दल लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती करतो. आजीला वेदीवरचं कळत नव्हतं, पण तिची जपमाळ तिला पूर्ण कळत होती. ती तिला तिच्या आईने दिली होती. बहुतेक देणारा कोण आहे यावर सगळं असतं.

केळीचं_पान
मी पालकांच्या गटात लिहिणार आहे की पूर्ण इंग्रजी नको. प्रार्थना आणि गीतं मराठीत ठेवू, समजावणं मुलांना कळेल त्या भाषेत. सही मागे घेत नाही, बदलतो. लाडवाचा प्रयोग झाला. मोह म्हणजे काय ते कळलं, लाडू मात्र राहिला नाही.

नगरची_लेक
केळीचं पान, +१. लाडवासकट.

शेवंती
ताई, पुढचा रविवार कसा गेला? कळवा नक्की.

बावखल
दोन रविवार झाले, म्हणून लिहायला बसले.

पहिल्या रविवारी पुस्तक उघडलंच नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला पुढे बोलावलं आणि सांगितलं, तुझं उत्तर अर्धं बरोबर होतं, साक्षी म्हणजे बघून सांगणारा. उरलेलं अर्धं आजीला विचारून ये. सगळ्यांनाच गृहपाठ दिला की घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारायचं, रक्तसाक्षी म्हणजे काय, आणि ते ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत वर्गात येऊन सांगायचं.

दुसऱ्या रविवारी बावीसपैकी सतरा जण विचारून आले होते. कादोडीत, वाडवळीत, एकाची नानी मंगळूरची म्हणून कोंकणीत, आणि दोघांनी इंग्रजीत, कारण घरी आजी नाही. तो मुलगा उभा राहिला. त्याची आजी त्याला म्हणाली होती की, "खोटं बोल, सोडून देतो असं म्हटल्यावरही जो खोटं बोलत नाही, तो." त्याने ते कादोडीत सांगितलं, हात मागे बांधून, एका दमात. मग स्वतःच विचारलं, "टीचर, त्या बारा वर्षांच्या मुलाला पण सोडून देतो म्हणाले होते?" मी हो म्हटलं. वर्ग इतका शांत झाला की बाहेर सायकली लावल्याचा आवाज येत होता.

फादरांशी बोलले आहे. फेब्रुवारीत गोन्सालोच्या सणाआधी वर्ग किल्ल्यात नेणार. निर्मळची जत्रा, तू येशील का? क्रिकेटचं तूच सांग मुलांना.

कोबेकर, त्या तीन लहान मूर्तींचा फोटो आहे का तुमच्याकडे? मुलांनी मागितलाय.

निर्मळची_जत्रा
येतो. तारीख कळवा.

कोबेकर
आहे. पावसामुळे जरा धूसर आलाय, पण चेहरे दिसतात. आज रात्री संदेशातून पाठवतो, गोन्सालोचाही.